पाठ फिरवून ऐकलेला आवाज

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेचे दिग्दर्शक सर व्यावसायिक नाटकांसाठी नट निवडतात. मलाही पुढे हेच काम करायचं आहे, म्हणून मी त्यांचा मदतनीस झालो. वडील नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत सुरक्षारक्षक आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईला हे काम समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तू सोता नाही करून राहिला, दुसऱ्याले कामाले लावून राहिला?"

सरांची एक पद्धत होती. पहिल्या फेरीत ते रंगमंचाकडे पाठ करून बसत. आधी आवाज, चेहरा नंतर, असं अभिमानाने सांगत. मला ते फार न्यायाचं वाटायचं.

वकीलबाईच्या भूमिकेसाठी बऱ्याच मुली वाचून गेल्या. मग कुहीहून रोज बसने येणारी, माझ्याच वर्गातली मुलगी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, तरी शेवटच्या रांगेत मला प्रत्येक शब्द ऐकू आला. सर म्हणाले, "हीच." आणि वळले.

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला बाहेर थांबायला सांगून मला म्हणाले, "रंग बघितलास? वकील कोण म्हणेल हिला? नाटकात ती भांडी घासणारी बाई आहे ना, ते काम दे. सांगून ये."

माझा रंगही तिच्यासारखाच आहे. सरांना ते दिसलंच नसावं, त्यांच्या लेखी मी खुर्च्या लावणारा होतो. सरांपुढे माझी जीभ नेहमीच अडखळते, तेव्हाही अडखळली. पण मी म्हणालो, "सर, हे... तुम्हीच सांगा. तिच्याकडे बघून."

ते चिडले. तरी तिला बोलावलं, आवाज छान आहे वगैरे सांगितलं, आणि मोलकरणीचं काम देऊ केलं.

तिने शांतपणे विचारलं, "मंग पाठ काहून फिरवली होती, सर?"

सर मोबाईल बघू लागले. ती बॅग उचलून निघून गेली.

वकीलबाई आता दुसरी मुलगी करते. तिसऱ्या रांगेपलीकडे तिचा आवाज पोचत नाही, म्हणून सरांनी तिच्या कोटाला माईक लावायचं ठरवलंय. मोलकरणीची जागा अजून रिकामी आहे. सर रोज मला विचारतात, कोणी सापडली का? मी नाही म्हणतो. मी शोधतच नाही.