एकावर एक हातमोजे

केमोच्या पहिल्या दिवशी मी सुनंदाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. सिस्टर आल्या. त्यांनी एकावर एक असे दोन हातमोजे चढवले, अंगात लांब गाऊन घातला आणि मगच औषधाची पिशवी उचलली.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं.

"हे औषध कातडीला लागलेलं चांगलं नाही, काका," त्या सहज म्हणाल्या. तेच औषध माझ्या बायकोच्या शिरेत सोडून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी नळीकडे बघत राहिलो. तीस वर्षं मी हिला तापलेल्या तेलापासून, ओल्या फरशीपासून सांभाळ म्हणत आलो, आणि आज कागदावर सही करून मीच हे तिच्या अंगात जाऊ दिलं होतं. बरं करणाऱ्या गोष्टीला इतकं भ्यावं लागतं, हे मनाला पटेना. पण नळी काढा म्हणण्याचीही छाती नव्हती.

सुनंदाने डोळे उघडले. "अहो, जळजळत नाहीये. नुसतं गार लागतंय."

"खरंच?"

"खरंच. तुम्ही आधी श्वास घ्या बघू."

मी श्वास घेतला. तो पूर्ण सोडेपर्यंत तिने माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.