घाईची जोडपदवी

तिला घरात आणि घराबाहेर सगळे घाईच म्हणत. सातव्या महिन्यातच जन्माला आली, तेव्हा तिची आई, जी स्वतः नर्स होती, बाळाकडे बघून म्हणाली, "हिला भलतीच घाई!" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पोरीने ते सार्थही केलं. जिना चढायचा तर दोन-दोन पायऱ्या गाळून, आणि जेवायला बसली की बाकीच्यांचं वाढून होईपर्यंत हिचं ताट धुवायला गेलेलं.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. गावातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टा त्यांच्या ओळखीच्या, आणि त्यातली सगळ्यात खोडकर लिफ्ट होती चष्म्याच्या दुकानावरच्या जुन्या इमारतीत. तिथे तिसऱ्या मजल्यावर एका आर्थिक सल्लागाराचं ऑफिस होतं. लोक त्यांना नुसतं काका म्हणत. लग्न झालं, मूल झालं, नोकरी गेली, म्हातारपण जवळ आलं, की गावातली साधी माणसं जिना चढून काकांकडे जात आणि पुढचं कसं करायचं ते ठरवून खाली उतरत. लिफ्टच्या निमित्ताने बाबांची आणि काकांची गट्टी जमली होती. घाईने कॉलेजात आर्थिक नियोजन हा विषय घेतला, तेव्हा बाबांनीच शब्द टाकला, आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती काकांकडे कामाला लागली.

पहिल्याच आठवड्यात काकांनी तिला एका बैठकीत बसवलं. समोर एक सुतार आणि त्याची बायको. पन्नाशीची माणसं, काम कधी थांबवता येईल ते विचारायला आलेली. सुतार बोलत होता, बायको पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत गप्प बसली होती. घाईच्या डोक्यात गणित तयार झालं आणि ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला नाही. साठाव्या वर्षी दुकान बंद, घर आहे तेच ठेवायचं, वरची खोली भाड्याने द्यायची. सुतार खूश झाला.

काकांनी मात्र खुर्ची बायकोकडे वळवली. "आणि तुम्ही काय म्हणता?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. काकाही बोलले नाहीत. घाईला त्या शांततेत नुसती खाज सुटली. शेवटी ती बाई म्हणाली, "मला या घरात राहायचंच नाही. मला समुद्राजवळ, बहिणीच्या गावी जायचंय."

सुतार तिच्याकडे बघतच राहिला. "हे तू मला कधी सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

ते दोघं गेल्यावर घाई मान खाली घालून बसली. काकांनी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. "उत्तर तुझं बरोबर होतं. फक्त त्यांचा प्रश्न यायचा होता अजून."

हा टोला तिला चांगलाच बसला. पण घाई रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने ठरवलं, हे विचारणं आणि थांबणं आपल्याला शिकायचंय. ती शिकलीही. मात्र सुट्टी संपेपर्यंत तिला दुसरीही एक गोष्ट दिसली होती. काकांना माणसं सांभाळता येत होती, ऑफिस सांभाळता येत नव्हतं. फोन वाजून वाजून बंद पडे. दोन मदतनीस येऊन सोडून गेले होते, कारण त्यांना नेमकं काय करायचं ते काकांनी कधी सांगितलंच नव्हतं. कुणाकडून किती फी घ्यायची याला काही धरबंध नव्हता. चेहरा बघून आकडा ठरे, आणि बहुतेक चेहरे काकांना दया येण्यासारखेच वाटत. इतका कसलेला माणूस, पण त्याचा व्यवसाय त्याच्याच अंगावर रेलून उभा होता.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने एक नवी वाट काढली. नियोजनाची पदवी घेता घेताच शेवटच्या दोन वर्षांत एमबीएचे काही विषय करायचे, ते दोन्हीकडे धरले जाणार, आणि पदवीनंतर एकाच वर्षात एमबीए पुरं. म्हणजे सहा वर्षांचं काम पाच वर्षांत. घाईसाठीच कुणीतरी बेतलेलं असावं असं प्रकरण. विभागप्रमुख मॅडमनी सूचना वाचून संपवायच्या आत हिचा हात वर.

"हात खाली घ्या," मॅडम म्हणाल्या. "एक वर्ष वाचतं म्हणून येणार असाल तर येऊ नका. कशासाठी हवंय, ते सांगायला या."

घाई दुसऱ्या दिवशी गेली आणि काकांच्या ऑफिसबद्दल बोलली. एका कुटुंबाची घडी कशी बसवायची ते इथे शिकवता, म्हणाली, पण शंभर कुटुंबांना वर्षानुवर्षं पुरेल असं ऑफिस कसं उभं करायचं ते इथे कुणी शिकवत नाही. मला दोन्ही हवंय. मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

बाबांना पटवणं त्याहून अवघड गेलं. ते म्हणाले, "प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, किती माणसं घ्यायची त्याची. जास्त चढली की दार लागत नाही."

"बाबा, पण चढणारी मी एकटीच आहे!"

आई स्वयंपाकघरातून हसली. "जाऊ दे तिला. अडकली तर काढायला तुम्ही आहातच."

एमबीएचे वर्ग संध्याकाळी भरत. तिथे बसणारी माणसं नोकरी करून, टायची गाठ सैल करून येणारी. कुणी हॉटेलचा व्यवस्थापक, कुणी इस्पितळाची कार्यालयप्रमुख, कुणी कारखान्यातला. त्यांच्यात ही वीस वर्षांची, पाठीला सॅक लावलेली. त्यांनी तिचं नाव ज्युनियर ठेवून टाकलं. एकदा वर्गात एका तोट्यातल्या हॉटेलवर चर्चा होती. घाईने धडाधड सांगितलं, एवढी माणसं कमी करा, एवढा खर्च वाचेल. कारखान्यातल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "ज्युनियर, तू कधी कुणाला समोर बसवून सांगितलंयस का, की उद्यापासून येऊ नकोस?"

घाईचे कान तापले. पण ती उसनं अवसान आणणारी नव्हती. म्हणाली, "नाही. कसं सांगतात?"

त्या गृहस्थांनी सांगितलं. बराच वेळ, अडखळत सांगितलं. एका फिटरच्या चेहऱ्याबद्दलही सांगितलं, जो ते अजून विसरले नव्हते. त्या दिवसापासून तिची जागा त्यांच्या शेजारी ठरली, आणि हिशेबाचा भाग अडला की तेच तिला विचारू लागले. पोरीला वाटलं होतं आपण तिथे सगळ्यांत मागे असू. हळूहळू लक्षात आलं की नियोजन शिकल्यामुळे जे आपल्याला सहज दिसतं, ते या लोकांना दिसत नाही. ते धंद्याकडे धंदा म्हणून बघतात. त्यात राबणाऱ्या माणसाला घर असतं, म्हातारे आईवडील असतात, हे गणितात कुठे धरायचं ते त्यांना ठाऊक नसतं. ते ती बोलू लागली, आणि लोक ऐकू लागले.

पहिली पदवी झाली. एमबीएचं वर्ष निम्मं सरलं असताना एका दुपारी काकांनी तिला बोलावून घेतलं. एक मोठी कंपनी त्यांचं ऑफिस विकत घ्यायला तयार होती.

"मी थकलोय गं," काका म्हणाले. "देऊन टाकतो."

"आणि आपली माणसं?"

"त्यांना फोन नंबर मिळेल. एक दाबा, दोन दाबा."

पूर्वीची घाई असती तर टेबलावर हात आपटून दहा कारणं दिली असती. तिने एवढंच विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं नियोजन कुणी केलंय?"

काका हसायला गेले आणि मध्येच थांबले. जन्मभर दुसऱ्यांच्या निवृत्तीचे बेत आखणाऱ्या माणसाने स्वतःचा बेत कधी आखलाच नव्हता.

"शनिवारी या," ती म्हणाली. "काकूंना घेऊन या. तुम्ही त्या बाजूच्या खुर्चीत बसायचं, मी या बाजूच्या."

"माझ्याच ऑफिसात मला बोलावतेस?"

"हो. आणि वेळेवर या."

शनिवारी दोघं आली. काका जरा फणकाऱ्यातच होते. आपल्याच टेबलाच्या उलट्या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती. घाईने विचारलं, "ऑफिस दिलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलात. काय करणार?"

"आराम," काका म्हणाले.

"आणि तिसऱ्या दिवशी?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. घाई थांबली. तिला ते जमू लागलं होतं.

काकूंनी मात्र तोंड उघडलं. "मी सांगू? हा माणूस चौथ्या दिवशी माझ्या कपाटांची मांडणी बदलेल. पाचव्या दिवशी मी माहेरी जाईन."

"अगं, पण तूच म्हणतेस ना, किती काम करता म्हणून!"

"कमी करा म्हटलं होतं मी. बंद करा कधी म्हटलं?"

काका आधी रागावले, मग हसले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. खरं काय ते मग बाहेर पडलं. त्यांना ऑफिस सोडायचं नव्हतंच. फोन, फाइली, फीचा घोळ, मदतनिसांची कटकट, हे त्यांना नको झालं होतं. माणसं हवी होती.

"ते नको असलेलं मला द्या," घाई म्हणाली. "मी तेच शिकतेय."

तिने एमबीएच्या शेवटच्या प्रकल्पासाठी काकांचंच ऑफिस घेतलं. बेत असा: तीन वर्षं काका आठवड्यातून दोन दिवस येणार, ती पूर्ण वेळ. मालकी टप्प्याटप्प्याने तिच्याकडे, ऑफिसच्या कमाईतूनच. फी सगळ्यांना आधी सांगून, सारख्याच हिशेबाने. इस्पितळातल्या बाईंनी भेटींची वेळ कशी लावायची ते दाखवलं, कारखान्यातल्या गृहस्थांनी मदतनीस निवडताना काय विचारायचं ते. मॅडमनी प्रकल्प परत पाठवला तो एकाच शेऱ्यानिशी: लोक तुझ्याकडे का थांबतील, ते यात नाही.

तो शेरा तिला झोंबला, कारण तो खरा होता. त्याचं उत्तर कागदावर मिळण्यासारखं नव्हतं. मग ती एकेका कुटुंबाला भेटायला निघाली.

सगळ्यांत आधी निवृत्त मुख्याध्यापिका, काकांच्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत तिखट अशिलांपैकी. त्यांनी घाईला नखशिखांत न्याहाळलं.

"मुली, तुझ्यापेक्षा माझ्या चपला वयाने मोठ्या आहेत."

"असतील," घाई म्हणाली. "पण बाई, तुम्ही नव्वदीच्या व्हाल तेव्हा मी ऐन कामात असेन. काकांबद्दल तसं म्हणता येईल का?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. घाईला वाटलं, संपलं आता. बाई उठल्या, आत गेल्या, आणि दोन पेले सरबत घेऊन बाहेर आल्या. "बस. माझ्या भाचीची एक भानगड आहे. काकांना सांगायला मला लाज वाटत होती." आणि घाई संध्याकाळपर्यंत ऐकत बसली.

सगळेच असे वळले नाहीत. काही जणांनी मोठ्या कंपनीची वाट धरली. त्यात ते सुतार-सुतारीणही होते. समुद्राजवळच्या गावी कंपनीची शाखा होती, तेव्हा त्यांचंही चुकलं नव्हतं. घाईला मात्र ते फार लागलं. "पहिली माणसं होती ती माझी," ती आईला म्हणाली. आईने तिची समजूत काढली नाही, फक्त शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी घाई पुढच्या कुटुंबाकडे गेली. शेवटी मोजले तर चारातले तीन थांबले होते. तिने ते मॅडमना सांगितलं. गेलेल्यांची कारणंही सांगितली, काही न लपवता. मॅडम म्हणाल्या, "आता झाला प्रकल्प."

ती दुसरी पदवी घेत असताना बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि नाव पुकारायच्या आधीच टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांनी माना उंचावून पाहिलं. घाई कुणाची लेक आहे ते सभागृहाला कळलं.

आता ऑफिसात फोन उचलला जातो. मदतनीस वर्षभर टिकलाय आणि त्याला आपलं काम काय ते माहीत आहे. काका मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आणि फाइलींना हात लावायची त्यांना मनाई आहे. एका शुक्रवारी एक तरुण बसचालक आणि त्याची बायको आली, कुणीही न पाठवलेली, नुसती पाटी वाचून वर चढलेली. बायकोला रोपवाटिका काढायची होती, नवऱ्याला धास्ती वाटत होती. घाईने दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न बायकोला विचारून ती गप्प राहिली. शेजारच्या खोलीत काका हाक येईल म्हणून दार अर्धवट उघडं ठेवून वर्तमानपत्र वाचत बसले होते. हाक काही आली नाही. जेवायची वेळ झाली तशी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, घाईच्या खोलीच्या बंद दारामागच्या हसण्याकडे एकदा कान दिला, आणि काकू वाट बघत असतील म्हणून घरी गेले.