देवाच्या वाट्याची चिलटं

आमचे आबा रोज दुपारी मेंढरं मोजत. मेंढरं नव्हतीच. पाटाचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, आणि नव्वदच्या आसपास आबांनी अख्खा कळप विकून टाकला. ओढ म्हणून दोन मेंढ्या तेवढ्या दारात ठेवल्या. तरी खुटबावच्या आमच्या घरापुढे कडुलिंबाखाली बसून, डोळे अर्धे मिटून, ते बोट हलवत राहायचे आणि मधेच विचारायचे, "काळ्या कानाची कुठं ऱ्हायली?" समोरच्या उसाला तुरे आले की मग बघायलाच नको. वाऱ्यानं तुरे एका अंगाला कलले की आबांना कळप उतारावरून पाण्याला निघालेला दिसे. आई ताक घेऊन गेली तर हळूच म्हणत, "जरा थांब. पानी पिऊ दे त्यास्नी." आणि आई खरंच थांबायची. एवढ्या सुखात असलेल्या माणसाला उगाच कशाला उठवायचं, असं तिचं म्हणणं.

मल्हारी त्यांचं नाव. उंच, सडसडीत, बोलायला कमी. मेंढरं गेली तरी त्यांचे दोन नेम गेले नाहीत. पहिला असा की, वाकड्या पायाचं, वाकड्या मानेचं कोकरू जन्मलं तर ते वाढीसाठी कळपात ठेवायचं नाही, पण कापायचं किंवा विकायचंही नाही. ते देवाच्या वाट्याचं. त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि ते घरात सांभाळायचं. दुसरा नेम ग्रहणाचा. ग्रहणात घरातल्या कुणीच, विशेषतः दिवस गेलेल्या बाईनं, कातरी-विळी हातात धरायची नाही.

हा दुसरा नेम आमच्या घराला फार महागात पडला. माझी आजी अनसाबाई लोकर कातरण्यात सगळ्यांत तरबेज होती. धुरपदाआत्या पोटात असताना त्यांचा तळ न्हावऱ्याच्या माळावर पडला होता. कातरणी चालू असताना ग्रहण लागलं. बाकीच्या बाया कामं टाकून पालात शिरल्या. आजीपुढची मेंढी अर्धीच कातरून झाली होती. मुक्या जनावराला असं अर्धं उघडं कसं सोडायचं म्हणून तिनं हात थांबवला नाही. पुढं आत्या जन्मली ती डावं पाऊल आत वळलेली. आबा आजीला ओरडले नाहीत. त्यांनी कातरी फडक्यात गुंडाळली, आढ्याला खोचली आणि आजीला ती पुन्हा कधी दिली नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. आजी रोज आत्याच्या पावलाला तेल चोळायची आणि चोळता चोळता त्या पावलाचीच माफी मागायची. हे मला आत्यानं सांगितलं. तशीच माफी मागत आजी एक दिवस गेली.

आत्याचं लग्न झालं नाही. देवाच्या वाट्याची सगळी कोकरं तिच्याच मांडीवर वाढली.

आता माझं सांगते. मी पूनम, ह्या घरातली पहिली एम.एस्सी. झालेली मुलगी. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी काय करते, ह्याचं गावानं एका वाक्यात उत्तर ठरवून टाकलं होतं : मल्हारीआबाची नात चिलटं पाळती. खोटं नव्हतं ते. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी चिलटं, म्हणजे फळमाशी, हेच माझं जनावर. मक्याच्या पिठाची खीर शिजवून आम्ही त्यांना बाटल्यांत वाढवतो. आत्या म्हणायची, "चिलटास्नी खीर आन् आमाला भाकर. शिकून हेच केलंस व्हय गं?"

प्रत्येक पेशीच्या आत बारीक दोऱ्यांचं जाळं असतं. हे दोरे सारखे विणले जातात, सारखे उसवतात, आणि त्यांच्याच ताणावर पेशीचा आकार ठरतो. कुठं विणायचं आणि कुठं सोडायचं ह्यावर लक्ष ठेवणारं एक जनुक आहे. मी त्याच्या मागे होते. ते बिघडलं की दोरे भलतीकडेच गोळा होतात. पंखावरच्या प्रत्येक पेशीला एक केस असतो. एरवी ते सगळे केस एका दिशेला झोपलेले असतात, ते इथं वाट फुटेल तिकडं तोंड करतात. माशी कोशातून बाहेर येते तेव्हा तिचा पंख उलगडत नाही, चुरगळलेलाच राहतो. मी तासन्‌तास ते पंख सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसे. चमकत्या माळरानावर वारा फिरल्यासारखं ते दिसायचं, आणि मी कुठं आहे ह्याचा मला विसर पडायचा. आबांची नात शोभत होते मी तेव्हा.

२००४च्या दिवाळीआधी प्रयोगशाळेतलं माश्या थंड ठेवायचं यंत्र बंद पडलं आणि माझ्या चुरगळ्या पंखांच्या माश्या पटापट मेल्या. उरल्या मूठभर माद्या, त्याही अशक्त. वाण टिकवायचा म्हणून मी त्यांच्यात सरळ पंखांचे धडधाकट नर सोडले; वाकडा पंख नातवंडांत परत येतो. त्या माद्यांनी अंडी घातली तर माझं दोन वर्षांचं काम वाचणार होतं, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. सुट्टीत सांभाळायला तिथं कुणी नव्हतं. म्हणून ती बाटली मांडीवर धरून मी दौंडच्या शटलनं घरी आले.

आबांना मी भिंगातून माशी दाखवली. बराच वेळ बघत राहिले. "हिच्या पाठीवर बी केस हायती की," म्हणाले. मग चुरगळा पंख दिसला तसं त्यांनी भिंग खाली ठेवलं.

भाऊबीजेला मी आईला घेऊन राहू गावी मामाकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर आबांनी मला कौतुकानं हाक मारली.

"पूने, तुजा कळप नीट करून ठिवलाय बघ."

बाटली नवी होती, धुतलेली. आत ताजी शिजवलेली खीर, आणि खिरीवर सगळे सरळ पंखांचे नर. चुरगळी एकही नाही.

"आबा, ह्यातल्या वाकड्या कुठंयत?"

"काढल्या. दोन बाटल्यांची तोंडं जोडली आन् उन्हाकडं धरली. उडणारी वर गेली, चालणारी खाली ऱ्हायली." त्यांना सोपं काम सांगितल्याचा आनंद झाला होता. "वाकड्या मादीवर कुणी कळप वाढवतं व्हय?"

"मला त्याच हव्या होत्या, आबा." माझा आवाज चढला. "सरळ माश्या जगात ढीगभर आहेत. त्या वाकड्यांसाठी मी दोन वर्षं घालवली."

आबा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मला रडू आवरेना. मागून धुरपदाआत्याच्या पावलांचा आवाज आला, एक पाऊल पडायचं आणि एक घासायचं. तिच्या हातात लोणच्याची काचेची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्यावर भंडारा. बरणीत माझी जुनी खीर आणि केळ्याची एक फोड. त्या फोडीवर माझ्या माद्या सावकाश चालत होत्या.

"आबांनी देव्हाऱ्यात ठिवायला दिली," आत्या म्हणाली. "देवाच्या वाट्याची हायेत म्हनले. मग मीच केळं घातलं."

मी तिथंच बसून भिंग लावलं. खिरीत पांढरी बारीक अंडी दिसत होती, भरपूर. मी हसले, डोळे पुसले, पुन्हा बघितलं. माझी आजी त्या माळावर एका मेंढीसाठी मागं राहिली आणि तिचं वाटोळं झालं. माझं काम आबांच्या त्याच जुन्या नेमांतल्या एकानं वाचवलं. नेमांवर रागवावं की त्यांच्या पाया पडावं, मला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही नीटसं कळत नाही.

आबा मात्र बरणीकडेच बघत होते. उसाचे तुरे हलत होते, पण त्यांनी तिकडं मान वळवली नाही.

"पूने," ते म्हणाले, "ह्यांच्या आयांनी काय कापलं हुतं?"

मला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि आत्यालाही समजलं. ती दाराला टेकली.

"काही नाही, आबा. ह्या बाटलीतच जन्मतात आणि बाटलीतच मरतात. आतले दोरे चुकतात, म्हणून पंख असा होतो."

"आन् पाय?"

"आत्याचा पाय कशानं वळला ते मला नाही सांगता येणार. पण कातरी धरल्यानं वळत नाही. ग्रहणात नाही आणि एरवीही नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे अर्धे मिटले. मला वाटलं, नेहमीसारखे मेंढरांत निघून गेले. पण ते उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि आढ्यातून फडक्याची गुंडाळी काढून आले. कातरी पार गंजली होती. त्यांनी ती आत्याच्या हातात दिली.

"तुज्या आईची हाय," ते म्हणाले. "तिनं काय केलं नव्हतं."

आत्यानं कातरी घेतली. "हे तिला सांगायचं हुतं, आबा," ती म्हणाली.

आबा पुन्हा कडुलिंबाखाली जाऊन बसले. त्या दुपारी त्यांनी मेंढरं मोजली नाहीत. आत्या त्यांच्या पायाशी बसून विटेच्या तुकड्यानं कातरीचा गंज घासत होती, आणि आबा डोळे मिटून, ओठ हलवत, कुणाला तरी समजावून सांगत होते. आई ताक घेऊन आली आणि थांबली.