वन्संचा कोंबडा

माझ्या वन्सं डूख धरण्यात पटाईत. लग्नानंतर मी त्यांची एक कात्री हरवली होती, ती आजही जेवताना ऐकवतात. त्यामुळे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी त्यांच्याशी वाकडं घेतलं, तेव्हा मला साहेबांचीच काळजी वाटली. खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

दोघं एकाच वर्गात शिकलेले. तो साहेब झाला, वन्सं सुई घेऊन बसल्या. अंडं आडवं ठेवायचं, कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची आणि काचेच्या बारीक सुईने आतल्या जीवाला विषाणू टोचायचा. हा विषाणू रोग करत नाही. त्याचं काम हमालाचं, पाठीवरचं चमकण्याचं जनुक पेशीत नेऊन टाकायचं. मग खिडकी बंद करून अंडं उबवायला ठेवायचं. बहुतेक अंडी सडायची आणि तो वास वन्संच्या केसांतून घरी यायचा. शेवटी एक कोंबडा असा निघाला, की त्याच्या वीर्यातच ते जनुक सापडलं. आता त्याची पिल्लं निळ्या दिव्याखाली हिरवी चमकणार होती. त्या संध्याकाळी वन्संनी मला चक्क मिठी मारली.

पैसे देणारे पाहुणे आले तेव्हा साहेब म्हणाले, "हा माझा कोंबडा." मग वन्संकडे हात करून, "आणि या आमच्या सुईवाल्या बाई."

वन्सं हसल्या. त्या रागावलेल्या परवडतात, हसल्या की समोरच्याचं काही खरं नसतं.

कोंबडीच्या पोटात नराचं बीज कितीतरी दिवस टिकतं. म्हणून नवा कोंबडा सोडण्याआधी कोंबड्या काही आठवडे एकट्या ठेवतात, नाहीतर पिल्लं जुन्याचीच निघतात. हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ. पण साहेबांना पिल्लं दाखवायची घाई झालेली. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "या कोंबड्या एकट्याच होत्या ना?"

आदल्या दिवसापर्यंत त्यांच्यात एक साधा कोंबडा हिंडत होता.

"होत्या की," वन्सं म्हणाल्या.

लगेच मिळालेली अंडी उबवली. पाहुणे पुन्हा आले, खोलीत अंधार केला, निळा दिवा लागला. एकही पिल्लू चमकलं नाही. पाहुण्यांनी तिथल्या तिथे हात आखडता घेतला, साहेबांचं तोंड एवढंसं झालं. वन्संनी हे मला दोनदा सांगितलं आणि मीही चवीने ऐकलं. चांगली जिरली मेल्याची.

"आता कोंबडा तुमचाच की," मी म्हणाले.

"मारला. विषाणू टोचलेला जीव निकामी ठरला की ठेवत नाहीत. साहेबांनीच सांगितलं."

"कोणी मारला?"

"तो दुसऱ्या कोणाच्या हातात थांबत नाही. मीच धरला." वन्संनी पदराला चिकटलेलं पीस काढलं. "साहेब दारातच उभे होते. मी खरं काय ते बोलले असते, तर कोंबडा वाचला असता."

"मग बोलायचं ना, वन्सं!"

"साहेबही वाचले असते ना गं."