मांडवात काळी गिटार नको

लग्न होऊन मी लालबागच्या आमच्या खोलीत आले, तेव्हा माझ्या आधीच एक जण तिथे नांदत होती. काळी, चार तारांची, भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली बेस गिटार. आमचं प्रेमलग्न, त्यामुळे मला सगळं आधीच ठाऊक असणार असं लोकांना वाटतं. नवरा गिटार वाजवतो हे ठाऊक होतं. तो तिला रोज मऊ फडक्याने पुसतो आणि त्या हाताला घरातली दुसरी एकही वस्तू पुसायची सवय नाही, हे मात्र नंतर कळलं.

आठवडाभर कचेरी आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टी, असा त्याचा संसार. कुणाची हळद असो की गणपतीची मिरवणूक, लोक नाचतात बेंजो आणि ढोलावर, टाळ्या घेऊन जातो की-बोर्डवाला. तुझा बेस कुणाला ऐकूच येत नाही, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, "अगं, बेस म्हणजे जेवणातलं मीठ. नसलं की कळतं." तेव्हापासून आमच्याकडे आमटी अळणी झाली की मी सांगते, आज बेस घालायला विसरले.

घरी सराव करताना शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो गिटार स्पीकरला जोडत नसे. मग तारांचा नुसताच बारीक टकटकाट. आमची मुलगी रांगत रांगत त्याच्याजवळ जायची आणि दोन्ही तळवे गिटारच्या अंगावर टेकवायची. कानाला जे ऐकू येत नव्हतं ते तिच्या हातांना लागायचं. त्याने वाजवणं थांबवलं की गिटारला थोपटायची, पुन्हा चालू कर म्हणून. मी कुकर लावता लावता बघायचे आणि बरं वाटायचं, पण तोंडाने म्हणायचे, आता हिलाही नादी लाव.

त्या मुलीचं लग्न ठरलं, शीवला. शीव म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. लालबागहून बसमध्ये बसलं, तिकीट काढून जरा बाहेर बघितलं की आलंच. पण ह्याचा चेहरा असा, जणू पोर आगबोटीने निघालीय. साखरपुड्यानंतर हा घरात कमी बोलू लागला आणि गिटार जास्त पुसू लागला. मग एके दिवशी जाहीर केलं, "हळदीला आमचीच पार्टी. बेस मी वाजवणार."

"आणि पोरीला हळद कोण लावणार? आमच्याकडे आई-बापांनी लावायची असते," मी म्हटलं.

"तू आहेस ना. मला वाजवायचं असेल."

मी ह्या माणसाला चांगली ओळखून आहे. पोरीच्या गालाला हळदीचा हात लावायची वेळ आली की आपण चारचौघांत कोसळणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून आधीच हात अडकवून ठेवायची ही तजवीज. मुलीलाही ते कळलं. तिने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, बाबाची हळद लागल्याशिवाय मी दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढणार नाही. तू काहीही कर." मी काय करणार होते? ह्याने माझं ऐकलं असतं तर खुंटीवर गिटारच्या जागी कॅलेंडर असतं.

एवढ्यात गावाहून माझी नणंद आली. ह्याच्याहून मोठी, आणि आमच्या घरातल्या रीतीभातींचं शेवटचं कोर्ट. तिने आल्या आल्या भिंतीकडे बघितलं.

"ह्या हळदीत वाजवतलंस? काळा? मांडवात काळा नको हां, सांगून ठेवतंय."

"अगे ताई, की-बोर्ड खंयच्या रंगाचो आसा? तो पण काळोच."

"तो की-बोर्डवालो काय चेडवाचो बापूस आसा?"

चेडवाचा, म्हणजे पोरीचा, बापूस हाच, त्यामुळे मुद्दा तिथेच संपला. एरवी नणंद आणि माझं फारसं जमत नाही, पण त्या दिवशी मी तिला दुसऱ्यांदा चहा करून दिला. मला वाटलं, चला, गिटार मांडवाबाहेर राहिली. पण ज्याला पळायचंय त्याला वाट सापडतेच. "ठीक आहे, रंग बदलतो," तो म्हणाला. "पांढरी करतो."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅलरीत गिटारचं बारसं की दिवसकार्य, काय ते सुरू झालं. तारा काढल्या, मान पेचकसाने सोडवून वेगळी केली, बटणं माझ्या चकलीच्या डब्यात गेली. मग पॉलिशपेपर घेऊन हा घासायला बसला. शेजारणीने कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर काळी पूड जाऊन बसली. तिने बिचारीने त्या उचलून आत नेल्या, लग्नघर म्हणून. घासायचं काम कंटाळवाणं, त्यात ह्याला घाई. काळं अर्धंमुर्धं निघालं तेव्हा त्याने "वरून रंग बसला की झाकेल" असं स्वतःलाच सांगितलं आणि गिटारचं धड गोणपाटात गुंडाळून परळला नेलं.

परळला ह्याच्या शाळेतल्या दोस्ताचा गणपतीचा कारखाना आहे. गाड्यांना रंग मारणारे गॅरेजवाले गल्लोगल्ली असताना हा तिथेच का गेला, असं बाहेरचा माणूस विचारेल. आमच्या भागातला विचारणार नाही. चांगला पांढरा रंग म्हटलं की आम्हाला मूर्तीचाच आठवतो, तो मोतिया, आतून उजेड आल्यासारखा. मीही हौसेने बरोबर गेले होते. अजून सोंडा न चिकटवलेल्या गणपतींच्या ओळीत ही बया तारेला उलटी टांगलेली. दोस्ताने गनने फवारा मारला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

"डोळे कधी उघडायचे हिचे?" त्याने विचारलं.

"वर वार्निश वगैरे काही?" ह्याने विचारलं.

"वेडा झालास काय? चमक मरेल सगळी. आणि आपल्या मालाची गॅरंटी दीड दिवस, लय झाली तर अकरा. पुढे डायरेक्ट पाण्यात."

आम्ही तिघंही खो खो हसलो. पाण्यात विरघळायलाच केलेला रंग आपण घामाघूम होणाऱ्या माणसाच्या गळ्यात बांधतोय, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गिटार घरी आली तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून बघायला आले. सुंदर दिसत होती, आणि सवत सुंदर दिसतेय हे कबूल करणं जड जातं. नणंदेने तिला चक्क कुंकवाचं बोट लावलं.

हळद चाळीच्या पटांगणात होती. मे महिना, वर ताडपत्री, आणि वारा कुठे गेला होता देव जाणे. मुलगी पाटावर बसली. शीवहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद आली. बायका आंब्याच्या पानांनी लावत होत्या आणि पलीकडे बेंजो पार्टी जोरात होती. पार्टीच्या मागच्या रांगेत, पाटापासून जास्तीत जास्त लांब, आमचे कलाकार उभे.

तिसऱ्या गाण्याला माझं लक्ष गेलं. ह्याचा नवा पिवळा कुर्ता पोटावर पांढरा झाला होता. हातही कोपरापर्यंत पांढरे. आणि कोपर टेकतो तिथून गिटारचं जुनं काळं अंग हळूच डोकावत होतं. नणंदेनेही ते बघितलं. "काळा वर इला गे!" ती माझ्या कानात ओरडली.

"असू दे. तुम्ही आधी त्याला हळदीला बोलवा."

तिने हाक मारली. ह्याने मानेनेच सांगितलं, एवढं गाणं होऊ दे. गाणं झालं, तर ह्याने स्वतःच पुढचं सुरू केलं. मग मी हाक मारली. तेव्हाही तेच. माझी हळद लावून झाली, मामाची झाली, चाळीतल्या सगळ्या बायकांची झाली. मला असा संताप आला की गिटार हिसकावून घ्यावी, आणि त्याच वेळी त्या घामेजल्या पांढऱ्या माणसाची दयाही येत होती.

तेवढ्यात मुलगी पाटावरून उठली. "उठू नको गो!" नणंद किंचाळली, पण ती बेंजोवाल्यांच्या मधून सरळ मागे गेली. बापासमोर उभी राहिली. आणि तिने हळदीने भरलेले दोन्ही तळवे गिटारच्या अंगावर टेकवले, लहानपणी टेकवायची तसे.

ह्याचे हात थांबले. बेस गेला तसे बाकीचे एकेक करून गळाले. की-बोर्डवाला तेवढा एकटाच दोन ओळी पुढे गेला आणि मग ओशाळून थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "हात मोकळे कर. तुझी हळद राहिलीय."

त्याने पट्टा गळ्यातून काढला आणि इकडेतिकडे बघून गिटार माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ती पोरासारखी छातीशी धरली, माझ्या नव्या साडीचा विचारसुद्धा न करता. वाटलं होतं त्याहून जड होती.

नणंदेने वाटी पुढे केली. ह्याने हळदीत बोटं बुडवली, पण हात आधीच मोतिया झालेले. पोरीच्या दोन्ही गालांवरून त्याने ते फिरवले तेव्हा हळद नुसती पिवळी लागली नाही, चमकली. आमची मुलगी घरात आणलेल्या गौरीसारखी दिसायला लागली. आणि हा रडला. जे टाळायला एवढा खटाटोप केला ते सगळं, हमसून हमसून, पार्टीतल्या मित्रांसमोर, शीवच्या पाहुण्यांसमोर. "रड रे बाबा, रड," नणंद म्हणाली आणि स्वतःच त्याच्याहून मोठ्याने रडू लागली. मी रडले नाही. माझ्या हातात गिटार होती आणि रंग ओला होता.

ओल्या रंगात मुलीचे दोन्ही पंजे उमटले होते, पिवळे, बोटन् बोट मोजता येईल असे. कारखानावाल्या दोस्ताला फारच ओशाळल्यासारखं झालं. तो म्हणाला, सगळं खरवडून गाडीचा पक्का रंग मारून देतो. हा नको म्हणाला. मग निदान वरून वार्निश? तर कुंचला लागला की पंजे पुसले जायचे. शेवटी गिटार तशीच खुंटीवर गेली आणि ह्या वर्षी मिरवणुकीला ह्याने दुसऱ्या कुणाची तरी मागून घेतली.

आमच्या खिडकीला पूर्वी पडदा नव्हता. लग्नानंतर मी दादरहून एक जाड पडदा आणला. "हा कशाला?" त्याने विचारलं. समोरच्या टॉवरवाल्यांना सगळं दिसतं, मी म्हटलं. दुपारी चारनंतर खिडकीतून ऊन सरळ त्या भिंतीवर येतं. आणि कपड्यावरचा हळदीचा डाग कसा घालवायचा, ते कुठल्याही बाईला विचारा. धुऊन उन्हात टाकायचा, आपोआप उडतो.

हे त्याला ठाऊक नाही. कचेरीतून आला की भिंतीसमोर उभा राहतो. "बघ, पंजे अजून तस्सेच आहेत," परवाही म्हणाला. "दोस्ताच्या गॅरंटीला आपण हसलो, पण रंग शेवटी पक्का निघाला."

"निघाला खरा," मी म्हटलं, आणि ऊन उतरल्यावर पडदा बाजूला केला.