पिवळं कार्ड

शनिवारी दुपारी मी अन् बायको चटईवर बसून कार्डं लावत होतो. सोबत केलेलं तेच शेवटचं काम.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची गोष्ट. मी नागपुरात एका कचेरीत शिपाई, तोही टेम्परवारी. तिथं खोलीएवढा कॉम्प्युटर होता. त्याला काय करायचं ते भोकं पाडलेल्या कार्डांवरून सांगत, एका कार्डावर एक ओळ. मशीन एकेक कार्ड गिळायचं, दिलं त्याच क्रमानं. एक पुढंमागं झालं की सगळं वाया.

भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी शनिवारी धरमपेठेतून सायकलवर आणायची अन् सोमवारी कचेरीत द्यायची. त्या दिवशी घराजवळ, सक्करदऱ्याला, पेटीची सुतळी तुटली अन् कार्डं रस्त्यावर. नोकरी जाणार, असंच धरलं मी.

मी कार्डाच्या कोपऱ्यातला नंबर वाचायचो, ती जागेवर ठेवायची. तिला अक्षर येत नव्हतं, हात मात्र पक्का.

"सायकल चालवता का बैलबंडी?"

"लाव वं मुकाट्यानं."

सगळी लागल्यावर तिनं काडी निळीत बुडवली अन् गठ्ठ्याच्या कडेवर तिरपी रेघ ओढली. "आता पाडा. रेघ जुळली का कार्डं जुळले."

सर्वांत मागं पिवळं कार्ड. मी सांगितलं, हे आलं का मशीन समजते, संपलं. मग मागून काही घेत नाही.

"अन् काही सांगाचं राहिलं तर?"

"राहिलं त राहिलं."

"मंग मशीन तुमच्यासारखीच हाये," म्हणाली अन् भाकरी टाकायला उठली.

रविवारी पहाटे तिच्या छातीत दुखलं. रिक्षा येईतो ती गेली. दुपारी जाळून आलो. घरात ती पेटी अन् मी.

सोमवारी सकाळी साळी, तिची धाकटी बहीण, दारात आडवी आली. "भाऊजी, काल बाई गेली, अन् तुम्ही कुठं निघून राहिले?"

"कार्डं द्याचे हायेत."

नोकरीसाठी गेला, असं लोक म्हणाले. खोटं नाही. पण तिनं लावलेलं बरोबर निघते का, हेही मला पाहायचं होतं.

कचेरीत कोणाला काही बोललो नाही. मशीन खडखडलं. कार्डं पलीकडं पडत गेली, शेवटी पिवळं. गठ्ठा उचलला, तर रेघ अख्खी होती.

"चाललं," साहेब म्हणाले. "जा, चहा घे."

"साहेब, हे माझ्या बायकोनं लावले."

"अस्सं? शाबास म्हणून सांग तिला."

मी हो म्हटलं अन् चहा प्यायला गेलो.