दाखल्याआधीची वास्तुशांत

आमच्या इमारतीत आठ घरं आहेत आणि आठही भावकीतली. अनगोळच्या बाजूचं आमचं शेत शहराच्या पोटात आलं तेव्हा बिल्डर फेऱ्या मारायला लागले. आम्ही विकलं नाही. नकाशा आम्हीच मंजूर करून घेतला, कंत्राटदार आम्हीच नेमला. सिमेंटपासून कचेरीच्या चकरांपर्यंत सगळं माझ्याकडे होतं. पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे कागदांची मला भीती नाही. इमारत भक्कम झाली. आजही कुणी भिंतीत खिळा मारायला घेतला की दोन खिळे वाकतात आणि मला बरं वाटतं.

नव्या इमारतीला घरपट्टीत एक सवलत मिळते. पूर्णत्वाचा दाखला येईपर्यंत नुसत्या जागेची पट्टी भरायची, इमारतीची नाही. अट एकच, तोवर तिथं कुणी राहायचं नाही. एक कुटुंब जरी राहायला आलं तरी सवलत जाते आणि वर दुप्पट पट्टी बसते, ती सगळ्या इमारतीवर. बांधून बांधून सगळ्यांचे खिसे रिकामे झाले होते. मी आठही घरी जाऊन ही अट समजावली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अक्षय्य तृतीया आली आणि सासूबाईंनी वास्तुशांतीचा हट्ट धरला. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. जमीन त्यांच्या नावावर होती, सही त्यांची होती, त्यामुळे हट्टही त्यांचाच चालायचा. मी म्हटलं, पूजेनं काय बिघडतंय? विटांवर शेगडी मांडून दूध उतू घातलं, जेवणं झाली, आम्ही शहापूरच्या जुन्या घरी परतलो. बाकीच्यांनीही तोच मुहूर्त साधला.

वास्तुशांत झालेलं घर रिकामं ठेवायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण खिडक्या नसलेल्या घरात कुणी खरंच झोपायला जाईल, असं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी कामावर असताना आत्ती चटई आणि समई घेऊन गेल्या. ते बघून चुलत सासूबाई गेल्या. मग काय, प्रत्येक घरातून एकेक म्हातारी निघाली. आठ घरांत आठ समया.

मला हे कळलं ते पालिकेच्या निरीक्षकांचा फोन आला तेव्हा. त्याच संध्याकाळी ते सहज पाहणीला आले होते. मी रिक्षा करून पोचले, तर गच्चीवर म्हाताऱ्या गोल बसून भाकरी खात होत्या आणि साहेब जिन्यात उभे होते.

"मॅडम, ही इमारत तर भरलीय की!" ते म्हणाले.

मी आत्तींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"अम्मा, राहायला कधी आलात?" साहेबांनी आत्तींना विचारलं.

"कोण ऱ्हातंय हितं? राखणीला आलोय."

"राखण कशाची? आत काय हाय?"

"शेतात राखणीला माचा बांधून निजतोय तवा पट्टी लावतासा व्हय? मग?"

"आणि ही भाकरी?"

"शहापुरात थापलीया. हितं तवा तरी दिसतोय का बगा. न्हाणीला नळ न्हाय, संडासाला दार न्हाय. या वयात आमी हितं ऱ्हाऊ व्हय?"

चुलत सासूबाई म्हणाल्या, "साहेब, बसा की. चटणी लई झ्याक झालीया."

साहेब बसले नाहीत, पण हसले. मी त्यांना एकेक घर दाखवलं. नळ नव्हते, विजेचं मीटर अजून कंत्राटदाराच्या नावाचं होतं, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता. दूध उतू घातलं, हेही सांगून टाकलं. माझी बाजू खरी होती, मग लपवायचं कशाला?

ते म्हणाले, "आमच्या आईनंही हेच केलं असतं. पण मॅडम, पुन्हा येईन तेव्हा इथं अंथरूण दिसलं तर मी राहतात असंच लिहिणार."

ते गेल्यावर मी आत्तींना म्हटलं, "आज कुलूप लावायचं."

"शांत केलेलं घर अंधारात टाकू? तुला कळतंय का गं काय बोलतीस ते?"

"कळतंय. तुमच्या चटईपायी आठ घरांना दुप्पट पट्टी बसंल, तेही कळतंय."

त्या उठल्या. समई शांत केली आणि म्हणाल्या, "उद्या जांबोटीचं भात आण. धान्य असलेलं घर रिकामं न्हाय."

जांबोटी त्यांचं माहेर. दुसऱ्या दिवशी तिथून भाताची पोती आली. प्रत्येक घराच्या मधल्या खोलीत एक पोतं ठेवलं आणि कुलपं आत्तींनी आपल्या हातानं लावली. ज्या बाईनं आयुष्यात एक मुहूर्त मोडला नाही, तिनं तोडगाही स्वतःच काढला. मी शिकलेली असून मला तो सुचला नव्हता. साहेब पुन्हा आले तेव्हा कुलपं उघडून पोती दाखवली. त्यांनी मान हलवली आणि कुणी राहत नाही असं लिहून गेले.

दाखला आला. दाखल्याच्या तारखेआधीची इमारतीची पट्टी आमच्यावर लागली नाही. मग आम्ही सामान हलवलं.

पहिली घरपट्टी आली तेव्हा मी ती फोनवरून भरणार होते. आत्तींनी फोन खाली ठेवायला लावला. इरकल नेसून त्या माझ्याबरोबर पालिकेत आल्या. खिडकीपुढच्या रांगेत पुढच्या माणसानं सहज विचारलं, "आज्जी, कुणाची पट्टी?"

"माझी," आत्ती म्हणाल्या. "आता ऱ्हातोय की आमी."